गहू वर पोचला की पुढचं पृथ्वी बघते!

दोस्तांनो, एक कोडं सोडवा बघू.

उंची आठ मजली इमारतीएवढी, पण आत राहायला एकही खोली नाही. दार एवढं मोठं, की घोडागाडी एका बाजूने आत शिरते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. खिडकी आहे, पण पार टोकाला, आणि तिथे बसून बाहेर बघणारं कुणी नाही. पाहुणे येतात अब्जावधी. ते वर जातात वाट्यांमधून आणि खाली येतात नळातून. सांगा, हे घर कुणाचं?

गव्हाचं! कॅनडातल्या प्रेअरीवर असे हजारो लाकडी मनोरे उभे होते. त्यांना म्हणतात ग्रेन एलिव्हेटर. आपण नुसतं एलिव्हेटर म्हणू या.

प्रेअरी म्हणजे उत्तर अमेरिकेच्या मधोमध पसरलेलं अफाट गवताळ मैदान. कॅनडात ते मॅनिटोबा, सस्कॅचेवन आणि अल्बर्टा या तीन प्रांतांत आहे. गहू येण्याआधी इथे क्री, ब्लॅकफूट, मेटी असे लोक राहत होते आणि बायसनचे प्रचंड कळप चरत होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला रेल्वे आली, दूरदूरच्या देशांतून शेतकरी आले, नांगर फिरले आणि गवताच्या जागी गहू डोलू लागला. तो गहू ठेवायचा कुठे आणि गाडीत भरायचा कसा, या प्रश्नाचं उत्तर म्हणजे हे मनोरे.

हे मनोरे किती लांबून दिसत असतील? गणित करू. पृथ्वी गोल आहे, म्हणून लांबची वस्तू क्षितिजाखाली बुडते. वस्तूच्या उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढा आणि त्याला ३.६ ने गुणा. तेवढ्या किलोमीटरवर तिचं टोक क्षितिजाला टेकतं. मनोरा २५ मीटरचा. २५ चं वर्गमूळ ५. पाच गुणिले ३.६ म्हणजे १८ किलोमीटर. शिवाय तुमचे डोळेही जमिनीपासून सव्वा-दीड मीटर वर आहेत, त्याचे आणखी चारेक किलोमीटर मिळतात. झाले २२! मध्ये डोंगर नाही, जंगल नाही. हवा स्वच्छ असली की बावीस किलोमीटरवरच्या गावाचं टोक तुम्हाला दिसणार. आणि गावं तर दहा-पंधरा किलोमीटरवरच होती. म्हणजे एका वेळी दोन-तीन गावांचे मनोरे नजरेत यायचे. जवळ गेलं की भिंतीवर गावाचं नाव मोठ्या अक्षरांत रंगवलेलं असायचं. हरवायची सोयच नाही!

आता दोन प्रश्न. हे मनोरे एवढे उंच कशाला? आणि एवढे जवळजवळ कशाला?

आधी होती पाठ

उत्तर शोधायला आपल्याला थोडं मागे आणि थोडं पूर्वेला जावं लागेल. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात बफेलो नावाचं शहर आहे. १८२५ मध्ये तिथे ईरी कालवा येऊन मिळाला. मोठ्या सरोवरांतून जहाजं गहू घेऊन यायची आणि बफेलोला तो गहू कालव्याच्या लहान होड्यांत भरायला लागायचा. हे काम करायची माणसं. आयर्लंडहून आलेले मजूर पाठीवर ओझी घेऊन जहाजातून गोदामात आणि गोदामातून होडीत जायचे. दिवसभर चढउतार. पाऊस आला की काम बंद, कारण गहू भिजला तर गेला. इकडे जहाजांची रांग वाढतेच आहे.

जोसेफ डार्ट नावाच्या तिथल्या व्यापाऱ्याने रॉबर्ट डनबर या अभियंत्याला हाताशी धरलं आणि १८४२-४३ मध्ये वाफेवर चालणारा धान्याचा एलिव्हेटर बांधला. त्यातली कल्पना तुम्हाला लगेच कळेल, कारण तुमच्या आजोबांनी विहिरीवर रहाटगाडगं पाहिलेलं असेल. माळेला बांधलेली गाडगी रिकामी खाली जातात, पाण्याने भरून वर येतात, वर गेल्यावर उलटी होतात आणि पाणी पन्हळीत पडतं. डार्टच्या यंत्रातही तेच. दोराऐवजी लांब पट्टा, गाडग्यांऐवजी वाट्या, बैलाऐवजी वाफेचं इंजिन आणि पाण्याऐवजी गहू. पिठाच्या गिरण्यांत असा वाट्यांचा पट्टा ऑलिव्हर इव्हान्स या अमेरिकी संशोधकाने अठराव्या शतकाच्या शेवटी बसवला होता. डार्टने तो उचलून थेट जहाजाच्या पोटात सोडला.

या यंत्रामुळे काम भराभर झालंच, पण आणखी एक मजा झाली. गहू पोत्यातून सुटला. पोत्यात होता तोपर्यंत प्रत्येक पोतं कुणीतरी उचलायचं, ठेवायचं, पुन्हा उचलायचं. सुटा गहू मात्र वाहतो. त्याला एकदा उंचावर नेऊन सोडलं, की तो आपला आपण खाली जातो, हवा तिकडे वळवता येतो. म्हणजे माणसाने किंवा यंत्राने फक्त वर न्यायचं. खाली आणायला पृथ्वी आहेच, आणि ती मजुरी मागत नाही!

रेल्वेची अट आणि घोड्याचा दम

हा शोध प्रेअरीवर पोचायला काही वर्षं लागली. कॅनडाच्या प्रेअरीवरचा पहिला एलिव्हेटर १८७९ मध्ये मॅनिटोबातल्या नीव्हरव्हिल गावात विल्यम हेस्पेलर यांनी बांधला. तो होता चक्क गोल! दोनच वर्षांनी, १८८१ मध्ये, ग्रेटना गावात ओगिल्व्ही मिलिंग कंपनीने चौकोनी बांधला आणि पुढे चौकोनीच रुळले. सरळ फळ्यांनी चौकोन बांधणं सोपं, आणि आत कप्पे पाडणंही सोपं.

१८८५ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचे रूळ देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जोडले गेले. आता गहू गाडीने जाऊ शकत होता. पण रेल्वेला घाई असते. डबा दिवसभर उभा ठेवून फावड्याने गहू भरत बसलेलं तिला परवडेना. म्हणून तिने अट घातली: आमच्या रुळाशेजारी जागा हवी असेल तर साधी बसकी गोदामं चालणार नाहीत. निदान २५,००० बुशेल मावतील असा, इंजिनावर चालणारा एलिव्हेटरच बांधा. बुशेल हे तिकडचं धान्याचं माप. एक बुशेल गहू म्हणजे सुमारे २७ किलो. गुणाकार करा, २५,००० बुशेल म्हणजे जवळपास ६८० टन होतात.

आणि हे एलिव्हेटर एवढे जवळजवळ का, याचं उत्तर आहे घोड्याचा दम. शेतकरी दोन घोड्यांच्या गाडीत साधारण दीड टन गहू भरायचा. सकाळी निघून, गहू देऊन, अंधार पडायच्या आत घरी यायचं, तर जेमतेम काही किलोमीटरच जाता येतं. म्हणून रुळावर दर दहा-पंधरा किलोमीटरला एक थांबा, थांब्याला एलिव्हेटर आणि एलिव्हेटरभोवती गाव: दुकान, शाळा, टपाल कार्यालय, चर्च. नकाशावरची गावं एका घोड्याच्या चालीने आखली गेली, असंच म्हणा ना!

चला, आत जाऊ

समजा, साल आहे १९२५. आपण एका शेतकऱ्याच्या गाडीत बसून आलो आहोत. लाकडी उतरंड चढून गाडी मनोऱ्याच्या आत शिरते. आत अंधार आणि गव्हाचा कोरडा वास. गाडी जिथे थांबते, ती जमीन म्हणजेच वजनकाटा. भरल्या गाडीचं वजन झालं. मग गाडी पुढून उचलून तिरकी करायची, मागची फळी काढायची, आणि खाली जाळीतून सगळा गहू खड्ड्यात. रिकाम्या गाडीचं पुन्हा वजन. पहिल्यातून दुसरं वजा केलं की गव्हाचं वजन मिळालं.

खड्ड्याच्या तळाशी वाट्यांचा पट्टा फिरतो आहे. तो गहू उचलतो आणि सरळ शेंड्यापर्यंत नेतो. शेंड्याला एक फिरता नळ आहे. खाली उभा असलेला एजंट, म्हणजे एलिव्हेटर सांभाळणारा कंपनीचा माणूस, एक चाक फिरवतो, तसं वर नळाचं तोंड हव्या त्या कप्प्याकडे वळतं. आत असे पंधरा-वीस कप्पे असतात, प्रत्येक जमिनीजवळून थेट छतापर्यंत गेलेला. एकात चांगला गहू, दुसऱ्यात जरा कमी प्रतीचा, तिसऱ्यात ओट, चौथ्यात जव.

आता उंचीचं रहस्य! एका ताटात हळूहळू गहू ओता. त्याचा ढीग होतो, पण ढिगाची बाजू एका ठरावीक उतारापेक्षा जास्त उभी होत नाही. गव्हाचा तो कोन साधारण २५ ते ३० अंशांचा असतो. याचा अर्थ, नळाचा उतार यापेक्षा सौम्य ठेवला तर गहू वाटेतच थांबून बसणार. म्हणून नळ चांगला तिरका हवा. तो ४५ अंशांचा ठेवला, तर जेवढं आडवं जायचं तेवढंच खालीही यावं लागतं. बाजूचा कप्पा चार मीटर दूर असेल, तर नळ त्या कप्प्याच्या तोंडापेक्षा चार मीटर वरून निघायला हवा. म्हणून या मनोऱ्यांच्या डोक्यावर आणखी एक छोटी टोपीवजा खोली दिसते. तिच्यात गहू साठवत नाहीत. तिथे साठवलेला असतो उतार!

गहू रेल्वेच्या डब्यात भरताना हाच खेळ पुन्हा. कप्प्याचा तळ उघडला की गहू खड्ड्यात येतो. पट्टा त्याला परत वर नेतो, वजन होतं आणि भिंतीतून बाहेर आलेल्या नळातून तो धो धो करत डब्यात कोसळतो. साठवायला एक उचल, पाठवायला एक उचल. या दोन सोडल्या तर सगळा उताराचा कारभार.

त्या काळी डबे साधे बंद लाकडी असत. त्यांच्या दारातून गहू सांडू नये म्हणून आतून फळ्या ठोकायच्या आणि वर थोडी फट ठेवून तिथून नळ घालायचा. एका डब्यात साधारण ४० टन गहू मावे, म्हणजे पंचवीसेक घोडागाड्यांचा माल. असे डबे सुपिरियर सरोवराच्या काठी, आज जिथे थंडर बे शहर आहे तिथे जायचे. तिथे एक अजब यंत्र होतं. ते अख्खा डबा धरून कुशीवर कलवायचं, मग एका टोकाकडे, मग दुसऱ्या टोकाकडे, की सगळा गहू बाहेर! तिथून जहाज, आणि पुढे समुद्रापार.

जाता जाता एजंटचा पाळणा बघून घ्या. वरचा पट्टा अडकला किंवा नळ तुंबला तर एजंटला वर जावं लागे. त्यासाठी एक माणूस उभा राहील एवढीच फळी असायची, दोराला टांगलेली. दोराच्या दुसऱ्या टोकाला वजनं, आणि ती एजंटच्या स्वतःच्या वजनाशी जुळवलेली. त्यामुळे तराजू जवळजवळ समतोल. हाताने दोर थोडा ओढला की माणूस अलगद वर. विजेची गरजच नाही. आता विचार करा, ऐंशी किलोच्या एजंटसाठी लावलेल्या पाळण्यात त्याचा तीस किलोचा मुलगा चढला तर काय होईल? बरोबर, तो सुसाट वर जाईल! म्हणून पोरांना तिथे सक्त मनाई असायची.

गहू पाण्यासारखा वाहतो, पण पाणी नव्हे

पाण्याची टाकी जितकी खोल, तितका तळावर दाब जास्त. गव्हाचं तसं नाही. कप्प्यातला प्रत्येक दाणा शेजारच्या दाण्याला ढकलतो, तो त्याच्या शेजाऱ्याला, असं करत करत जोर भिंतीपर्यंत जातो. दाणे भिंतीला घासतात आणि घर्षणामुळे बराचसा भार भिंतीच पेलतात. म्हणून एका ठरावीक खोलीनंतर आणखी कितीही गहू ओतला तरी तळावरचा दाब फारसा वाढत नाही. यान्सेन नावाच्या जर्मन अभियंत्याने १८९५ मध्ये प्रयोग करून याचं गणित मांडलं. ते आजही वापरतात.

तुम्हीही करून पाहा. पुठ्ठ्याची एक नळी घ्या. तिच्या एका तोंडाला पातळ टिश्यू पेपर लावून रबराने घट्ट बांधा. आत दहा-बारा सेंटिमीटर कोरडं मीठ भरा. नळी हातात उचलून धरा आणि वरून जाडसर काठीने मीठ दाबा. कागद फाटेल असं वाटतं ना? दाबा, अजून दाबा! तुमचा जोर मिठातून बाजूला वळतो आणि नळीच्या भिंती तो झेलतात. कागदापर्यंत तो पोचतच नाही.

म्हणजे एलिव्हेटरच्या भिंतींना दुहेरी काम: बाहेर ढकलणारा गहू रोखायचा आणि त्याचा भारही पेलायचा. उभ्या फळ्या ठोकून हे जमलं नसतं. म्हणून सुतार फळ्या आडव्या घालत, एकीवर एक चपट्या रचत आणि खिळ्यांनी घट्ट ठोकत. खाली रुंद फळ्या, वर गेल्यावर अरुंद. त्यावर बाहेरून पातळ फळ्यांचं किंवा पत्र्याचं आवरण आणि रंग. भिंत कसली, लाकडाचा भरीव तटच तो!

पण लाकूड जळतं. मग सिमेंटचा मनोरा का नको? १८९९ मध्ये अमेरिकेत मिनियापोलिसजवळ फ्रँक पीव्ही या धान्यव्यापाऱ्याने आणि चार्ल्स हॅग्लिन या बांधकाम करणाऱ्याने काँक्रीटचा एक गोल मनोरा प्रयोग म्हणून बांधला. लोक हसले. गहू भरला की हा फुटणार, असं म्हणून त्यांनी त्याला 'पीव्हीचा वेडेपणा' असं नावही ठेवलं. मनोरा फुटला नाही. उलट त्याची उंची नंतर ३८ मीटरपर्यंत वाढवली. तो अजून उभा आहे, आणि आज जगभर दिसणारे काँक्रीटचे गोल सायलो, म्हणजे धान्याची कोठारं, त्याचेच वंशज आहेत.

काँक्रीट नाही फुटलं, पण एकदा जमीनच दगा देऊन बसली! विनिपेग शहराजवळ उत्तर ट्रान्सकोना इथे रेल्वेने दहा लाख बुशेलांचा काँक्रीटचा एलिव्हेटर बांधला. पहिल्यांदाच गहू भरणं चालू होतं. १८ ऑक्टोबर १९१३ रोजी, पावणेनऊ लाख बुशेल भरल्यावर, इमारत तासाभरात सुमारे ३० सेंटिमीटर खचली. मग हळूहळू पश्चिमेकडे कलायला लागली. चोवीस तासांत ती २७ अंश झुकली! पिसाचा प्रसिद्ध मनोरा सुमारे चार अंशच कललेला आहे, हे लक्षात घ्या.

झालं असं, की खाली मऊ चिकणमाती होती, प्राचीन काळी तिथे असलेल्या एका विशाल सरोवराच्या तळाची. भार सोसेना तशी ती बाजूने बाहेर सरकली आणि आजूबाजूची जमीन फुगून वर आली. पण मोठं नवल पुढेच आहे. एवढी झुकूनही इमारत मोडली नव्हती! अभियंत्यांनी आतला गहू काढला, खाली खोदून थेट खडकापर्यंत काँक्रीटचे खांब नेले आणि शेकडो जॅक लावून १९१४ मध्ये ती अख्खी इमारत परत सरळ उभी केली. पुढे कित्येक दशकं तिच्यात गहू भरला जात होता.

धूळ आणि श्वास

गव्हासोबत बारीक धूळ उडते. गव्हाचा दाणा काडी लावून सहज पेटत नाही, पण त्याचं पीठ हवेत पसरलं की गोष्ट वेगळी. लहान कणांना चारी बाजूंनी हवा मिळते, एक ठिणगी पडली की सगळे कण एकदम जळतात, आणि त्यालाच आपण स्फोट म्हणतो. २ मे १८७८ रोजी मिनियापोलिसमधली वॉशबर्न गिरणी अशाच धुळीच्या स्फोटात उडाली आणि १८ कामगार दगावले. म्हणून प्रेअरीवरच्या एलिव्हेटरचं इंजिन मनोऱ्यात नसे. ते शेजारच्या वेगळ्या खोलीत, एजंटच्या कचेरीला लागून ठेवत. (पीठ किंवा धूळ उडवून पेटवायचा प्रयोग घरी अजिबात करायचा नाही. आणि धान्याच्या ढिगावर कधी उड्या मारायच्या नाहीत. खालून धान्य निघत असेल तर माणूस काही क्षणांत आत ओढला जातो.)

शिवाय गहू जिवंत असतो. दाणा श्वास घेतो, त्यातून उष्णता आणि ओलावा बाहेर पडतो. ओला गहू जास्त श्वास घेतो, ढीग आतून गरम होतो, बुरशी येते, किडे येतात. म्हणून कॅनडात गव्हातलं पाणी साडेचौदा टक्क्यांपर्यंत असेल तरच त्याला कोरडा म्हणतात. एखादा कप्पा गरम वाटला तर एजंट काय करायचा? तळ उघडायचा, गहू वर न्यायचा आणि दुसऱ्या कप्प्यात ओतायचा. वाटेत त्याला वारा लागायचा आणि तो थंड व्हायचा. इथेही तीच युक्ती: वर न्या आणि सोडून द्या.

काटा कुणाच्या हातात?

पण मुलांनो, गहू पोत्यातून सुटला तेव्हा एक अडचणही सुटी झाली. पोत्यावर शेतकऱ्याचं नाव घालता येतं. कप्प्यात पडलेल्या दाण्यावर कसं घालणार? तुमचा गहू आणि शेजाऱ्याचा गहू एकात एक मिसळला. म्हणून आत टाकण्याआधीच त्याची प्रत ठरवावी लागे. एजंट मूठभर दाणे घ्यायचा, चाळायचा, रंग बघायचा, दाताखाली फोडून बघायचा. मग सांगायचा: एक नंबर नॉर्दर्न, दोन नंबर नॉर्दर्न. कचरा आणि तणाचं बी किती, तेवढं वजन कापायचा.

आता एजंट कंपनीचा, काटा कंपनीचा आणि गावात दुसरं गिऱ्हाईक नाही. शेतकऱ्याला वाटणारच, की आपल्याला फसवताहेत. तक्रारी एवढ्या वाढल्या, की १९०० मध्ये कॅनडाच्या सरकारने मॅनिटोबा धान्य कायदा केला. एलिव्हेटर टाळून शेतकऱ्याला स्वतः डबा भरता येईल, असा हक्क मिळाला. पण १९०१ मध्ये पीक आलं अमाप आणि डबे पडले कमी. जे होते तेही आधी एलिव्हेटरवाल्यांना मिळू लागले.

शेतकरी चिडले. इंडियन हेड या गावी जमून त्यांनी संघटना उभारली. विल्यम मदरवेल हे शेतकरी तिचे पुढारी. त्यांनी मागणी केली, की डब्यांची नोंदवही ठेवा, ज्याचं नाव आधी त्याला डबा आधी. तसा नियमही झाला. तरी रेल्वे तो पाळेना, म्हणून १९०२ मध्ये शेतकऱ्यांनी सिंटालुटा गावच्या रेल्वे एजंटवर खटला भरला. कुठे अवाढव्य रेल्वे कंपनी आणि कुठे हे शेतकरी! पण निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला.

तिथून त्यांची हिंमत वाढली. १९०६ मध्ये त्यांनी स्वतःची धान्य कंपनी काढली. १९११ मध्ये सस्कॅचेवनमध्ये शेतकऱ्यांची सहकारी एलिव्हेटर कंपनी झाली. १९२३-२४ मध्ये तिन्ही प्रांतांत 'व्हीट पूल' नावाच्या मोठ्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या. सगळ्यांचा गहू एकत्र विकायचा आणि पैसे हिश्शाने वाटून घ्यायचे. ज्या काट्याची भीती वाटायची, त्या काट्याचे मालक आता शेतकरीच झाले.

मग ते गेले कुठे?

१९३० च्या दशकात हे मनोरे सर्वांत जास्त होते, सुमारे ५,७००. एकेका गावात तीन, चार, पाच, रुळालगत ओळीने. आज लाकडी मनोरे काहीशेच उरले आहेत.

का? तुम्हीच ओळखा. घोड्याच्या जागी काय आलं? ट्रक! जो शेतकरी दिवसात जेमतेम दहा-पंधरा किलोमीटर जाऊन यायचा, तो आता शंभर किलोमीटर सहज जातो. मग दर थांब्याला मनोरा कशाला? रेल्वेलाही एकेका गावात दोन-दोन डबे गोळा करत फिरण्यापेक्षा एकाच ठिकाणी शंभर डबे भरलेले परवडतात. १८९७ पासून धान्याला स्वस्त रेल्वेभाड्याची सवलत होती, तीही १९९५ मध्ये संपली. छोटे फाटे बंद झाले, रूळ उखडले, काँक्रीटची मोठमोठी केंद्रं उभी राहिली आणि लाकडी मनोरे पाडले जाऊ लागले. मनोरा गेला की कितीतरी गावांतलं दुकान गेलं, शाळा गेली. घोड्याच्या चालीने आखलेली गावं ट्रकच्या चालीत बसेनात.

काही मनोरे लोकांनी हट्टाने वाचवले. मॅनिटोबातल्या इंग्लिस गावात १९२२ ते १९४१ या काळात बांधलेले पाच एलिव्हेटर अजून ओळीने उभे आहेत. ते आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहेत. आत जाऊन काटा, पट्टा, कप्पे सगळं बघता येतं. अल्बर्टातल्या नॅन्टन गावानेही आपले मनोरे जपून तिथे मुलांना शिकायची सोय केली आहे. सगळ्यांचं नशीब मात्र असं नव्हतं. सस्कॅचेवनमधल्या फ्लेमिंग गावात १८९५ चा मनोरा होता, आपल्या मूळ जागी उभ्या असलेल्यांत कॅनडातला सर्वांत जुना. लोक त्याची दुरुस्ती करत होते. फेब्रुवारी २०१० मध्ये कुणीतरी लावलेल्या आगीत तो जळून गेला.

मनोरे गेले, युक्ती मात्र गेली नाही. आजचे रेल्वेचे डबे वरून भरतात आणि खालची झडप उघडून रिकामे होतात. फावडं नको, फळ्या ठोकायला नको. आणि या युक्तीचा तुमच्या ताटाशीही संबंध आहे बरं! सस्कॅचेवनमध्ये आज गव्हासोबत मसूरही भरपूर पिकतो, आणि भारत तो विकत घेतो. तुमच्या वाटीतल्या मसुराच्या आमटीतला एखादा दाणा कदाचित तिथल्या एलिव्हेटरच्या शेंड्यापर्यंत जाऊन आलेला असेल.

आता तुमची पाळी

१. गहू, तांदूळ, मोहरी आणि साबुदाणा वेगवेगळ्या ताटल्यांत हळूहळू ओता. कोनमापकाने प्रत्येक ढिगाचा उतार मोजा. कुणाचा ढीग जास्त उभा? कुणासाठी नळ जास्त तिरका ठेवावा लागेल?

२. घरच्यांबरोबर पिठाच्या गिरणीत जा. धान्य कुठे ओततात आणि पीठ कुठून बाहेर येतं ते बघा. मधल्या वाटेत यंत्राने काय केलं आणि पृथ्वीने काय केलं, याच्या दोन याद्या करा.

३. बाजार समिती, साखर कारखाना, खडी केंद्र, सिमेंटचं काम: जिथे जिथे सुटा माल हलतो, तिथे 'उचल' शोधा. ती एकाच जागी असेल आणि पुढे सगळा उतार असेल, तर त्या यंत्राचं चित्र काढा, उचल लाल रंगाने आणि उतार निळ्या रंगाने. चित्रात लाल रेघ जितकी कमी, तितका यंत्र बांधणारा हुशार!